यादी लागायच्या आधी

आदरणीय सिस्टर,

हे पत्र निकालानंतर लिहायचं असं मी ठरवलं होतं. यादीत नाव आलं की पेढे घेऊन तुमच्या वॉर्डात यायचं आणि तिथंच तुमच्या हातात पत्र द्यायचं. पण मिलिटरी नर्सिंगच्या प्रवेशासाठीची दिल्लीची मुलाखत होऊन आज २६ दिवस झाले, यादी अजून लागलेली नाही, आणि काल रात्री मला वाटलं की मी चुकतेय. नाव आलं तरच आभार मानायचे, असं थोडंच आहे? तुम्ही जे केलंत ते करून झालंय. म्हणून आज लिहायला बसले.

सगळ्यांसमोर लिहितेय, कारण समोरासमोर तुम्ही बोलूच देत नाही. दोनदा प्रयत्न केला. एकदा तुम्ही म्हणालात, "आधी अभ्यास कर," आणि दुसऱ्यांदा सलाईन संपत आली म्हणून उठून गेलात. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते.

माझी आजी त्या पावसाळ्यात अंगणात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. आधी जिथं नेलं तिथं चार दिवस ती उताणीच पडून होती. ऑपरेशन करायचं तर शुगर खाली यायला हवी होती, तेवढं थांबायचं होतं. आम्हाला वाटायचं, हलवलं तर दुखेल, म्हणून आम्ही हलवतच नव्हतो. कुणी सांगितलंही नाही. तुमच्या वॉर्डात आणलं तेव्हा रात्रीचे ११ वाजले होते. तुम्ही केसपेपर वाचलात, आजीला विचारून तिची पाठ बघितलीत आणि माकडहाडावरच्या लाल चट्ट्यावर बोट टेकवलंत. मग मला जवळ बोलावलंत.

"दाबून बघ. बोट काढल्यावर पांढरं होतंय का?"

होत नव्हतं. लाल ते लालच राहत होतं. तुम्ही समजावून सांगितलंत की बोट काढल्यावर जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त खेळतंय. तशी झाली नाही तर आत जखम सुरू झाली असं समजायचं, वरची कातडी कितीही धड दिसत असली तरी. मग दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, दोन पायांच्या मध्ये उशी कशी ठेवायची म्हणजे मोडलेला पाय वळत नाही, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली चादरीची गुंडाळी कशी द्यायची, हे सगळं दाखवलंत. वॉर्डात ३० च्या वर पेशंट, तुम्ही एकट्या, सोबत एक मावशी. तरी रात्री १ ला आलात, ३ ला आलात, ५ ला आलात. पाचच्या वेळी मी आधीच उठून उशी हातात घेऊन उभी होते. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त मान हलवलीत. माझ्या १२वीच्या सगळ्या मार्कांपेक्षा मला ती मान हलवणं जास्त वाटलं.

आजीची जखम वाढली नाही. आठव्या दिवशी ऑपरेशन झालं. आज ती वॉकर घेऊन तुळशीपर्यंत जाते आणि अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "त्या बाईनं मला रातभर कुशीवर केलं, पोटच्या लेकीवानी."

नर्सिंगला जायचंय हे मी तुम्हाला पहिल्यांदा बोलले ते जिन्यात. घरात तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही "छान" म्हणाला नाहीत की "विचार कर"ही म्हणाला नाहीत. इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडलात आणि त्यावर नर्सिंगचे कोर्स लिहून दिलेत: एएनएम २ वर्षं, जीएनएम ३ वर्षं, बी.एस्सी. ४ वर्षं. कुठून कुठं जाता येतं त्याचे बाण काढलेत. तुम्ही स्वतः जीएनएम केलंत, कारण घरात लवकर पगार यायला हवा होता. पुढची २ वर्षांची पोस्ट बेसिक डिग्री नोकरी लागल्यावर, मुलगी लहान असताना केलीत. हे तुम्ही सहज सांगून टाकलंत. मग पुठ्ठ्याच्या तळाशी आणखी एक ओळ लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्यात: मिलिटरी नर्सिंग.

आमचा भाग साताऱ्याचा. शेजारच्या अपशिंगे मिलिटरीत घरोघरी फौजी. माझ्या आईकडचे दोघे सैन्यात. पण बाईमाणसाला सैन्यात नर्स म्हणून अधिकारी होता येतं, हे आमच्यात कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्ही सांगितलंत की सैन्यदलांची सहा नर्सिंग कॉलेजं आहेत, पुणे, मुंबई, कोलकाता, दिल्ली, लखनौ आणि बंगळूर. सगळ्या मिळून २२० जागा. त्यातल्या पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात ४० आणि कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या हॉस्पिटलात ४०. शिकताना राहणं-जेवण सरकारचं, चार वर्षांनी लेफ्टनंट. त्या वर्षी आमचं आल्याचं पीक मातीमोल भावानं गेलं होतं. राहण्या-जेवणाचं ऐकलं तेव्हा अण्णांनी पहिल्यांदा मान वर केली.

अण्णांना समजावणं माझ्याच्यानं झालं नसतं. शिकल्यावर सैन्यातच नोकरी करायच्या बाँडचं ऐकून ते अडले होते, की एकदा सही केली की पोरगी आपली राहिली नाही, कुठं काश्मिरात टाकतील. भावकीतून आणखी बरंच कानावर आलं. नर्सच्या कामाला नाकं मुरडणारी माणसं तीच होती, जी आजीला बघायला आल्यावर तुमच्यापुढं हात जोडत होती. तुम्ही एका रविवारी घरी आलात, चहा घेतलात आणि अण्णांना एवढंच विचारलंत, "मुलगा असता आणि भरतीत निघाला असता, तर हाच प्रश्न विचारला असता का?" अण्णा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः माझ्या फोटोच्या प्रती काढून आणल्या.

पुढचं वर्ष नीटचं, मिलिटरी नर्सिंगलाही लागणाऱ्या त्या प्रवेश परीक्षेचं. १८० प्रश्न, ७२० गुण, आणि त्यातले निम्मे बायोलॉजीचे. अभ्यास माझा मी केला, ते तुमच्यावर टाकत नाही. पण नीट निघाली म्हणजे काम झालं, असं मी धरून चालले होते. सैन्याच्या साईटवर वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत थोडी असते, हे माझ्या लक्षातून गेलं होतं. तुमचा फोन आला तेव्हा मी शेतात होते. "फॉर्म सुटलेत. आजच भर, उद्यावर नको." संध्याकाळी तुमच्या क्वार्टरवर आले तर तुम्ही माझे सगळे कागद कॉटवर ओळीनं मांडायला लावलेत. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि आईच्या नावातलं एक अक्षर दोन कागदांवर दोन तऱ्हेनं. मी ते इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तसं तुम्ही एकेक अक्षर वाचत होतात.

आणि इंग्रजी. ११वी-१२वी सायन्स इंग्रजीतून केलं, पेपर लिहिले, पण बोलायची वेळ आली की माझा घसा सुकायचा. नाईट संपवून तुम्ही सकाळी क्वार्टरवर यायचात आणि मला समोर बसवायचात. एक तास फक्त इंग्रजी. "वॉर्डात काय पाहिलंस ते सांग. पाठ केलेलं नको." मला तेव्हा वाटायचं, तुम्ही कडक आहात. एकदा तुमची मुलगी म्हणाली, "आई तू गेल्यावर झोपते." त्या दिवशी मला समजलं की रात्रभर उभं राहून आलेलं माणूस माझी क्रियापदं दुरुस्त करत बसलं होतं. सिस्टर, याबद्दल मला बोलायचं होतं आणि कधी जमलं नाही. तुमच्या झोपेतले ते तास माझ्याकडे आहेत.

मुलाखतीला बोलवायच्या पहिल्या यादीत नाव आलं, दिल्लीचं बोलावणं आलं. तुम्ही विचारलंत, "कान कधी दाखवलेस?" मला कळेना. मळ साचला असला तरी मेडिकलमध्ये तात्पुरतं अनफिट करतात म्हणालात. दुसऱ्याच दिवशी कान तपासून घेतले आणि खरंच डाव्या कानात गच्च मळ होता. दात, हिमोग्लोबिन, वजन, सगळं एकदा इथंच बघून घेतलंत. निघायच्या आदल्या दिवशी तुमची मोतिया रंगाची साडी दिलीत, निऱ्या कशा घालायच्या, पिना कुठं लावायच्या ते शिकवलंत. गोवा एक्सप्रेसमध्ये दिल्लीपर्यंत ती पिशवी मी मांडीवरून खाली ठेवली नाही.

मुलाखतीचं मी तुम्हाला फोनवर दोनच वाक्यांत सांगितलं होतं, कारण अण्णा शेजारी होते आणि मला रडू येत होतं. आता नीट सांगते.

दिल्ली कँटोन्मेंटमध्ये आम्ही मुली रांगेत बसलो होतो. केरळच्या, हरियाणाच्या, मणिपूरच्या. सगळ्या माझ्याहून चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या. आत गेल्यावर आधी नाव-गाव झालं. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा स्थापना दिवस विचारला. १ ऑक्टोबर १९२६, तुम्हीच पाठ करून घेतला होता. मग एका मॅडमनी विचारलं की नर्स डॉक्टरांनी सांगितलेलंच करते, तर तिची स्वतःची बुद्धी कुठं लागते? याचं उत्तर आपण तयार केलेलं नव्हतं. मी त्यांना ती रात्र सांगितली. लाल चट्टा, बोट टेकवणं, पांढरं न होणं. चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही आणि नाईटच्या सिस्टरनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं, हे सांगितलं. मध्येच एक शब्द अडला तेव्हा मी माझ्या मनगटावर बोट दाबून दाखवलं. मॅडमनी विचारलं, "त्या सिस्टर कुठं काम करतात?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, अगदी तुमच्यासारखी. गुण किती दिले ते मला माहीत नाही.

आता वाट बघणं आहे. नीट, दिल्लीत झालेली परीक्षा आणि मुलाखत, तिन्हींचे गुण मिळून यादी लागते, तेव्हा नुसती मुलाखत चांगली झाली म्हणून हुरळून जायचं नाही, हे तुमचं वाक्य मी रोज स्वतःला ऐकवते. सकाळी उठल्यावर साईट उघडते, रात्री निजताना उघडते. गल्लीतले विचारतात, अण्णा "लागेल की" म्हणून पुढं जातात. आई काही विचारत नाही, पण माझा फोन वाजला की तिचे हात थांबतात. राज्याच्या नर्सिंग सीईटीतून प्राधान्यक्रम भरलाय तो तुमच्याच टेबलावर बसून, आणि तिथं नंबर लागेल असं दिसतंय. नर्स मी होणारच आहे, हे आता घरात ठरलेलं आहे. तरी ती यादी मला हवी आहे. खूप हवी आहे. हे तुमच्याशिवाय कुणापुढं एवढं उघड बोलले नाही.

साडी धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे. उजव्या निरीला प्रवासात चहाचा डाग पडला होता, तो निघाला. आजीनं तुमच्यासाठी कुरडया काढून ठेवल्यात, त्या घेऊन येत्या रविवारी येते. आता इंग्रजी नको, तुम्ही निजा, मी मुलीजवळ बसते.

यादी लागली की पहिला फोन तुम्हाला. नाईट असेल तर सकाळी हँडओव्हर होईपर्यंत थांबेन.

तुमची,
१२ नंबर कॉटवरच्या आजीची नात