उन्हाळ्याआधी शंभर पंखे : उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (उमवि) माजी विद्यार्थ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरे तर डिसेंबरातच जायला हवे होते. पण भरीत पार्टीचा हिशोब जुळता जुळता जानेवारी सरला, आणि मध्ये माझ्याकडे घरचे लग्न होते. आता रात्रीचे अकरा वाजलेत, सकाळी कार्यकारिणीला मसुदा दाखवायचा आहे, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. मुद्दा एवढाच, की मार्च उजाडला की आपल्याकडे खोल्या तापायला लागतात आणि त्याआधी वसतिगृहातले शंभर पंखे बदलायचे आहेत. पैसे अजून निम्मेही जमलेले नाहीत.

नव्या मंडळींसाठी थोडे मागचे सांगतो. जुन्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, पण सोडणार नाहीत हे मला माहीत आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन जळगावात आपले विद्यापीठ उभे राहिले. तेव्हा खानदेशातल्या पोरांना साध्या गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी पुण्याची गाडी धरावी लागायची, ते संपले. गिरणेच्या काठच्या त्या टेकड्यांवर मुरूम आणि वाळलेले गवत. बांभोरीच्या पुलाजवळ उतरून वर चालत जाताना सावलीला थांबावे म्हटले तर झाड शोधावे लागे. आज नावात बहिणाबाई आल्या, नावाचे लघुरूपही लांबले, तरी आपण आपले ‘उमवि’च म्हणतो. सावलीही आली. ती काही आपोआप आली नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांनी तिथे खड्डे खणलेत, टिकावाने हाताला फोड आणून घेतलेत. त्या खड्ड्यांत लावलेल्या कडुनिंबाखाली आता त्यांचीच मुले प्रॅक्टिकलची जर्नले पूर्ण करत बसतात.

आपल्या माजी विद्यार्थी मंडळाने त्यानंतर जे काही केले त्याचे श्रेय देणाऱ्यांना आहे. नावे मात्र घेणार नाही. मागच्या अहवालात दोन नावे राहून गेली आणि दोघेही सहा महिने बोलत नव्हते. तेव्हा ओळखणारे ओळखतील. अमळनेरच्या आपल्या निवृत्त बाई दर वर्षी पहिल्या महिन्याच्या पेन्शनीतून पाच हजार पाठवतात, सोबत पोस्टकार्ड, आणि त्यात माझ्या आधीच्या पत्रातल्या चुका लाल शाईने काढलेल्या असतात. रावेरचे आपले केळीवाले बंधू. त्यांचा टेम्पो मंडळाने इतक्या वेळा नेला की त्यांच्या ड्रायव्हरला आपल्या सभासदांची घरे पाठ झाली आहेत. डिझेलचे पैसे त्यांनी एकदाही घेतले नाहीत. पदार्थविज्ञानच्या १९९६ च्या तुकडीने वर्गणी काढून दोन नवे पंखे आणि एक वॅटमीटर दिले, आणि नुसते दिले नाहीत, तर एका रविवारी येऊन स्वतः बसवूनही दिले. दुबईचे आपले मित्र एकदा फोनवर म्हणाले, “किती कमी पडतात तेवढे सांग,” आणि फोन ठेवायच्या आत पैसे जमा झाले होते. आणि ग्रंथालयातले आपले काका गेल्यावर काकूंनी त्यांच्या नावाने दिलेले अकराशे रुपये. ती पावती फाडताना माझा हात थरथरला, हे इथे लिहायला हरकत नसावी.

आता पंख्यांचे. मागच्या सभेत विचारले गेले की माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाला कार्बन उत्सर्जनाचे काय पडले आहे. विचारणाऱ्याचा रोख चेष्टेचा होता, पण प्रश्न बरोबर होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विद्यापीठ म्हणजे एक लहानसे गावच. त्याचा धूर तीन वाटांनी जातो. आवारात जळणारे इंधन, म्हणजे मेसचा गॅस आणि जनरेटरचे डिझेल, ही पहिली. बाहेरून घेतलेली वीज ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गाड्या, सामान, कचरा, असे सगळे. दुसरी वाट आपल्याला दिसत नाही म्हणून आपण विसरतो. भुसावळकडून येणाऱ्यांना दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमण्या काही नव्या नाहीत. आपल्या खोलीतली वीज नेमकी तिथलीच असे म्हणता येत नाही, कारण जाळ्यात सगळी वीज एकत्र मिसळते. पण देशाच्या जाळ्यातल्या एका युनिटमागे आजही साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण आपली बहुतेक वीज कोळशावरची आहे.

पदार्थविज्ञानवाल्यांनी दिलेले दोन पंखे आपण अभ्यासिकेत लावले आणि वॅटमीटर जोडून पाहिले. जुना पंखा पूर्ण वेगाला ७४ वॅट घेत होता, नवा बीएलडीसी (म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा २९. वारा तोच. आपल्याकडे पंखा कधी बंद असतो? डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत, आणि सुट्टीत खोली रिकामी असली तर. दिवसाला पंधरा तास आणि वर्षाचे २७० दिवस धरले तरी एका पंख्यामागे १८० युनिटे वाचतात, म्हणजे सव्वाशे किलो कार्बन डायऑक्साइड (पुढे सोयीसाठी नुसते ‘कार्बन’ म्हणतो). शंभर पंख्यांचे वर्षाला साडेबारा टन. पंख्याची किंमत तीन हजाराच्या आसपास, आणि वाचलेल्या विजेत ती दोन-अडीच वर्षांत फिटते. रिमोटवाले पंखे मात्र घ्यायचे नाहीत. वसतिगृहात रिमोट आठवडाभर टिकणार नाही, हे तिथे राहिलेल्या कोणालाही सांगायची गरज नाही. भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे मिळतात, तेच घेणार आहोत.

हे सारे झाडांशी ताडून पाहा. पूर्ण वाढलेले झाड वर्षाला वीस-पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड धरते असा ढोबळ अंदाज सांगतात, आणि रोपटे तर नावापुरतेच. म्हणजे एक पंखा बदलणे हे पाच-सहा मोठ्या झाडांच्या बरोबरीचे. मी झाडांच्या विरोधात नाही. सावलीसाठी, पाखरांसाठी, माती धरून ठेवण्यासाठी झाडे लावूच. पण जुलैत रोप लावले, फोटो काढला, की आपला कार्बन फिटला असे समजणे सोडू या. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ मध्ये जाहीर केले होते की २०२५ पर्यंत आपण कार्बनच्या हिशोबात शून्यावर येऊ. पुढे त्यांच्या लक्षात आले की दुसऱ्याने कमी केलेल्या कार्बनची पत (कार्बन क्रेडिट) विकत घेऊन हिशोब जुळवण्यात अर्थ नाही. आता त्यांनी स्वतःचे उत्सर्जनच २०४५ पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करायचे ठरवले आहे. एवढ्या श्रीमंत संस्थेला तीस-बत्तीस वर्षे लागतात, तर आपण एका पावसाळ्यात काय करणार? आपल्या देशाने तर २०७० साल धरले आहे. तोवर आपल्यातले कोणी नसेल, पण वसतिगृह असेल.

म्हणून क्रम असा धरला आहे. आधी मोजायचे, मग वाया जाते ते थांबवायचे, मग उरलेल्या गरजेसाठी सौर. उलटे केले तर उधळपट्टीसाठी जादा पॅनेल लावावी लागतात. छतावरची मोठी सौर यंत्रणा, इमारतींचे उष्णतारोधन, बसगाड्या ही कामे विद्यापीठाच्या आणि शासनाच्या पातळीवरची आहेत, आपल्या वर्गणीतून होणारी नव्हेत. एक किलोवॅटला शंभर चौरस फूट छत लागते आणि आपल्या उन्हात तेवढ्यातून वर्षाला चौदाशे-पंधराशे युनिटे मिळतात, हे माहीत असावे म्हणून सांगितले. एसीबद्दलही एवढेच, की तो २४ वर ठेवा. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. जुन्या एसीतून गळणारा आर-२२ वायू तर कार्बन डायऑक्साइडच्या अठराशेपट तापवणारा. तेव्हा गॅस भरून देणाऱ्याला आधी गळती काढायला सांगा. तुमच्या घरीसुद्धा.

दुसरे काम मेसचे. १९ किलोचा एक सिलिंडर जळला की ५७ किलोच्या आसपास कार्बन जातो. आणि ताटात उरलेले अन्न खड्ड्यात कुजले की त्यातून मिथेन सुटतो, तो शंभर वर्षांच्या हिशोबात अठ्ठावीसपट वाईट. हे दोन्ही प्रश्न बायोगॅसच्या एकाच टाकीने सुटतात. पुण्याच्या आरती संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या मंडळींनी, शेणाऐवजी खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र केले, त्याला २००६ मध्ये इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. मोठ्या प्रमाणावर करायचे तर भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ हे बायोगॅस संयंत्र आहे. आपण लहान आकारापासून सुरुवात करणार आहोत. शिळा भात, पोळी, वरण त्याला फार आवडते. लिंबाची साले, कांद्याची टरफले आणि हाडे नकोत. म्हणजे कोणीतरी रोज उभे राहून वेगळे करायला हवे, आणि संयंत्रे बंद पडतात ती बहुधा इथेच. मेसच्या मावशींशी मी दोनदा बोललो. त्या म्हणाल्या, “पोरांनी ताटात टाकलंच नाही तर?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ताटात न टाकणे हेच सगळ्यात चांगले उत्तर आहे.

आता जरा मनातले. मागच्या हिवाळ्यात भरीत पार्टीला १४० जण आले होते. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कळण्याच्या पुऱ्या, कोणी नंदुरबारहून आले तर कोणी ठाण्याहून. फार आनंद झाला. रात्री जाताना सगळे म्हणाले, “काहीतरी करू या रे विद्यापीठासाठी.” दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वसतिगृहाच्या मीटरची पहिली नोंद घ्यायची ठरली होती. आलो चौघे. त्यातले एक सभासदच नव्हते, सोबतीला आले होते. गटावर मी दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो टाकतो. त्याला दोन अंगठे मिळतात, त्यातला एक माझ्या बायकोचा असतो. त्याच दिवशी कोणाच्या वाढदिवसाला ऐंशी केक पडलेले असतात. तक्रार नाही, वाढदिवस साजरे व्हायलाच हवेत. पण एका सभासदाने “सचिवांना दुसरा उद्योग नाही” असे लिहिले ते लागले. उद्योग आहे हो. हे सगळे त्यातून वेळ काढून चालू आहे.

मीटर वाचण्यातली गंमत मी घरी शिकलो. रात्री सगळे दिवे बंद करून मीटर पाहिला तर तो चालूच. इन्व्हर्टर, सेटटॉप बॉक्स, वायफाय आणि ज्याचा उपयोग वर्षात कोणी केला नव्हता असा जुना व्होल्टेज स्टॅबिलायझर. एवढे काढल्यावर महिन्याचे बिल दोनशेने उतरले. वसतिगृहात मजल्यागणिक उपमीटर बसले की हेच तिथली मुले स्वतः करतील. भौतिकशास्त्राच्या दोन मुली आत्ताच वही घालून तयार आहेत. त्या एम.एस्सी. होऊन गेल्यावर वही पुढे कोणाच्या हातात द्यायची, ही यादीही त्यांनीच केली आहे. आपल्या मंडळाला हे सुचले नव्हते.

दुचाकीने येणाऱ्यांसाठी एक आकडा. रोज जाऊन-येऊन वीस किलोमीटर म्हणजे दिवसाला सुमारे एक किलो कार्बन. दोघे एका गाडीवर आले की माणशी निम्मा. याला देणगी लागत नाही.

व्यवहाराचे. एकूण लागणार पाच लाख : शंभर पंखे तीन लाख, बसवणी व वायर पंचवीस हजार, उपमीटर पंचवीस हजार, बायोगॅस दीड लाख (दरपत्रके आली आहेत, ज्यांना पाहायची त्यांनी रविवारी यावे). आजवर जमा १,८६,५००, देणारे ५३ जण. एक पंखा तीन हजार, दोघांत मिळून अर्धा-अर्धा चालेल, शंभर रुपयेही चालतील. पंख्यावर कोणाचेही नाव रंगवले जाणार नाही, हा ठराव झालेला आहे, कृपया आग्रह धरू नये. खाते क्रमांक व क्यूआर गटावर वर पिन केला आहे. पैसे पाठवल्यावर नाव, तुकडी आणि विभाग लिहून कळवा, नुसते पैसे आले की कोणाचे ते कळत नाही (सध्या अशा चार रकमा पडून आहेत). धनादेश मंडळाच्या नावाने, माझ्या नावाने नको. पावती मिळेल, आयकरातली ८०जीची सवलत मात्र मिळणार नाही, नोंदणी अजून व्हायची आहे. शेवटची तारीख २८ फेब्रुवारी. परवानगीचे पत्र हातात आहे. काढलेले जुने पंखे भंगारात गेले पाहिजेत, दुसऱ्या खोलीत लागता कामा नयेत, यासाठी दोन माणसे उभी राहायला हवीत. वायरमनचे काम येणारे सभासद असतील तर मजुरी वाचेल. मार्चच्या पहिल्या दोन्ही रविवारी सकाळी सात वाजता वसतिगृहाच्या फाटकाशी. चहा मंडळाचा, नाश्ता आपापला.

आपला,
सचिव

ता. क. : अभ्यासिकेत पंखे लावायला नेलेली दहा फुटी शिडी परत आलेली नाही. ती विद्यापीठाची नाही, माझ्या शेजाऱ्यांची आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी रविवारी घेऊन यावी, काही विचारणार नाही.