आघाडी कुठे निसटली, तेही छापा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

लांबलेल्या टेनिस सामन्याचा निकाल फिरला की क्रीडापानावर दोन कारणं ठरलेली असतात: जिंकणाऱ्याची जिद्द आणि हरणाऱ्याने ऐनवेळी खाल्लेली कच. जिद्द लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण सगळा भार तिच्यावर टाकला की कोर्टवर नेमकं काय घडलं ते वाचकाला कळत नाही, आणि टेनिस शिकणाऱ्या मुलांच्या हाती तर काहीच लागत नाही.

२०२५ ची फ्रेंच ओपनची अंतिम लढत घ्या. यानिक सिनर दोन सेट जिंकलेला, कार्लोस अल्कराझ एक; जिंकायला तीन लागतात. चौथ्या सेटमध्ये सिनर ५-३ ने पुढे आणि अल्कराझच्या सर्व्हिसवर ०-४०, म्हणजे सिनरला आणखी एकच गुण हवा. विजेतेपदाचे तीन गुण हाताशी होते, तिन्ही गेले, आणि ५ तास २९ मिनिटांनी अल्कराझ जिंकला. सिनर दडपणाखाली ढेपाळला, असा निष्कर्ष लगेच निघाला. जरा हिशोब करून पाहू. स्वतःच्या सर्व्हिसवर शंभरात ६५ गुण घेणारा खेळाडू सलग तीन गुण घेण्याची शक्यता सुमारे २७ टक्के असते. ०-४० वरून पूर्ण गेम वाचवण्याची शक्यताही २१ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण पाचात एकदा. हे घडायला समोरच्याने कच खायची गरजच नसते. मला विचाराल तर सामना खरा उलटला तो पुढच्या गेममध्ये. ५-४ वर सर्व्हिस सिनरची होती. त्याच ६५ टक्क्यांच्या हिशोबाने सर्व्हिस करणारा शंभरात ८३ गेम राखतो; सिनरने तो गेम गमावला. बातमीत मात्र सगळा प्रकाश त्या तीन गुणांवरच.

२०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यातही हेच. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७, ४०-१५, सर्व्हिस त्याची, म्हणजे विजेतेपदाचे दोन गुण हाताशी. पहिल्या गुणावर त्याचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो जोकोविचच्या फोरहँडकडे चेंडू टाकून नेटवर आला आणि जोकोविचने क्रॉसकोर्ट पासिंग शॉट मारला, म्हणजे चेंडू तिरपा त्याच्या बाजूने पलीकडे काढला. तिथे चूक कसली? हल्ला योग्य होता, उत्तर सरस निघालं. त्या सामन्यात फेडररने एकूण २१८ गुण घेतले, जोकोविचने २०४. अल्कराझविरुद्धही सिनरचे गुण १९३ विरुद्ध १९२ असे एकाने जास्तच होते. टेनिसमध्ये गुणांची बेरीज होत नाही. जोकोविचने दुसरा सेट ६-१ ने सोडला आणि तिन्ही टायब्रेक (सेट बरोबरीत आल्यावरचे निर्णायक गेम) घेतले, त्यातच तो सामना जिंकला.

याचा अर्थ दडपण नसतं असा नाही. असतं, आणि ते शरीरात दिसतं. आघाडीवरचा खेळाडू सावध होतो, मनगट आखडतं, रॅकेटचा वेग घटतो. वेग घटला की टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला खाली आणणारी पुढची फिरकी, कमी होतो. मग जोर लावलेला चेंडू बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) बाहेर जातो आणि जपून मारलेला सर्व्हिस लाइनच्या (नेट आणि बेसलाइनमधल्या आडव्या रेषेच्या) आसपास आखूड पडतो; प्रतिस्पर्धी तो पुढे येऊन मारतो. सर्व्हिसला चेंडू कमी उंच उडवला जातो, पाय रेटा देत नाहीत आणि चेंडू नेटमध्ये जातो. १९९३ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात याना नोव्होत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध शेवटच्या सेटमध्ये ४-१, ४०-३० वर होती. तिथे डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गेला, आणि ग्राफने सलग पाच गेम घेतले.

यावर वरच्या दर्जाचे खेळाडू जे करतात ते शिकवण्यासारखं आहे. ते रॅकेटचा वेग तोच ठेवतात आणि लक्ष्य मोठं करतात: रेषेवर मारायचा चेंडू रेषेच्या मीटरभर आत, नेटवरून जास्त उंचीने. नवशिके नेमकं उलट करतात. लक्ष्य रेषेवरच ठेवतात आणि फटका हळू मारतात. सर्व्हिसचंही तसंच. वेग थोडा सोडून, फिरकी वाढवून पहिलीच सर्व्हिस आत टाकायची, कारण ५-४ वर दुसरी सर्व्हिस दिसली की परतवणारा दोन पावलं पुढे सरकतो. आणि ब्रेक मिळाल्यावर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकल्यावर, लगेचचा आपला गेम राखायचा, नाहीतर त्या ब्रेकला किंमत नाही.

पिछाडीवरच्या खेळाडूचं काम वेगळं असतं. नियम माहीत असले की ते समजतं. दोन गुणांमध्ये २५ सेकंद मिळतात, बाजू बदलताना ९०, सेट संपल्यावर १२०. २०२१ च्या फ्रेंच ओपन अंतिम फेरीत पहिले दोन सेट गमावल्यावर जोकोविच आत जाऊन कपडे बदलून आला आणि तिसऱ्या सेटच्या चौथ्या गेममध्ये त्याने त्सित्सिपासची सर्व्हिस भेदली. आता स्वच्छतागृहात पोहोचल्यापासून ३ मिनिटं आणि कपडे बदलायचे तर आणखी २, एवढीच मुभा आहे. चेंडू पहिल्यांदा ७ गेमनंतर आणि पुढे दर ९ गेमनंतर बदलतात. नवे चेंडू वेगवान असतात, त्यामुळे ते कोणाच्या सर्व्हिसला येणार याचा हिशोब दोघेही ठेवतात.

एक गोष्ट बातम्यांत कधीच येत नाही. सेटमध्ये १-५ ने मागे पडलेला खेळाडू आपली सर्व्हिस जिवापाड राखतो. सेट तर गेल्यात जमा असतो. पण २-५ झालं की प्रतिस्पर्ध्याला सर्व्हिस करून सेट संपवावा लागतो आणि पुढच्या सेटची पहिली सर्व्हिस याला मिळते. तोच गेम हरला तर ती प्रतिस्पर्ध्याकडे जाते आणि पूर्ण सेटभर मागून पाठलाग करावा लागतो.

नदालचा २०२२ चा ऑस्ट्रेलियन ओपन अंतिम सामना तर पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. मेदवेदेवविरुद्ध दोन सेट गेलेले, तिसऱ्यात २-३ आणि स्वतःच्या सर्व्हिसवर ०-४०. तिथून परतून पाचव्या सेटमध्ये तो ५-४, ३०-० वर पोहोचला आणि तो गेम हरला. इतक्या जवळ येऊन गेम गेल्यावर बहुतेकांचा पुढचा गेमही जातो. नदालने पुढच्याच गेममध्ये पुन्हा ब्रेक मिळवला आणि सेट ७-५ असा घेतला. ही खरी ताकद, आणि तिचं वर्णन गेमनिहाय लिहिल्याशिवाय होत नाही.

शरीराचं मात्र फार काही करता येत नाही. पायात गोळे आल्यास त्यासाठी वेगळा वैद्यकीय विराम मिळत नाही. उपचार फक्त बाजू बदलताना किंवा सेट संपल्यावर. २००४ मध्ये गिलेर्मो कोरिया हा खेळाडू पॅरिसला फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात दोन सेट जिंकून पायातल्या गोळ्यांनी बेजार झाला, पाचव्या सेटमध्ये विजयाचे दोन गुण हुकले आणि त्याचा प्रतिस्पर्धी गॅस्टन गॉडिओ तो सेट ८-६ ने जिंकला.

म्हणून विनंती आहे. ग्रँडस्लॅमच्या उपांत्य आणि अंतिम सामन्याच्या बातमीखाली छोटी चौकट द्यावी: पहिली सर्व्हिस किती टक्के आत पडली, दुसऱ्या सर्व्हिसवर किती गुण मिळाले, ब्रेकच्या संधी किती आणि त्यातल्या किती साधल्या, आणि निकाल फिरवणारा गेम कोणाच्या सर्व्हिसचा होता. पहिले तीन आकडे स्पर्धांच्या अधिकृत संकेतस्थळांवर सामना संपताच मिळतात. चौथं वार्ताहराने सामना पाहून लिहायचं आहे.

आपला,
एक टेनिस प्रशिक्षक