नुसतं बोलून काय होतं?

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "थेरपी म्हणजे शेवटी नुसतं बोलणंच ना? बोलायला मैत्रिणी आहेत, तू आहेस." घाईत उत्तर दिलं असतं तर अर्धवट राहिलं असतं, म्हणून सवडीने लिहितेय. मैत्रिणींशी बोलून मन हलकं होतं आणि तेही हवंच. पण गेले काही महिने तुला जे होतंय, ते मन हलकं करून थांबण्यातलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

मीटिंगच्या आदल्या रात्री छाती धडधडते, पोटात गोळा येतो, हात गार पडतात. यातलं काहीही बिघाडाचं लक्षण नाही. धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने 1915 साली हे सविस्तर मांडलं होतं. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं. म्हणून तर भूक मरते आणि बोटं थंड होतात. यंत्रणा उत्तम आहे. अडचण एवढीच, की समोर वाघ आहे की दहा माणसांसमोर बोलायचंय, यातला फरक तिला त्या क्षणी करता येत नाही.

आता त्या प्रेझेंटेशनचंच बघ. घसा बसलाय म्हणून कळवलंस, स्लाइड्स मेल केल्यास आणि संध्याकाळी तुला केवढं सुटल्यासारखं वाटलं! खरी मेख त्या सुटकेतच आहे. मेंदूने त्यातून एकच धडा घेतला : टाळलं म्हणून वाचलो. बोलले असते तर कदाचित निभावलं असतं, हे त्याला कळायची संधीच मिळाली नाही. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर आणि आणखी जोरात येते. मग मीटिंगच नाही, तर मीटिंगचं नुसतं आमंत्रण आलं तरी धडधड सुरू होते. टाळण्याची हद्द अशी वाढत जाते आणि आयुष्याची कमी होत जाते.

आणि आम्ही जवळची माणसं त्यात मदतच करतो. "नसेल जमत तर नको जाऊस," असं मैत्रीण म्हणते. तू विचारतेस, "सगळं ठीक होईल ना?" मी म्हणते, "होईल गं." थोडा वेळ बरं वाटतं, मग तोच प्रश्न पुन्हा. प्रेमाने दिलेला हा दिलासा चिंतेला खाद्य पुरवतो, कारण दर वेळी खात्री बाहेरून मिळते आणि अनिश्चितता सहन करण्याची ताकद वाढायची राहून जाते. थेरपिस्ट हे करत नाही. ती तुझं ऐकून घेते, पण तुझ्याबरोबर घाबरत नाही आणि तुला पळवाटही काढून देत नाही.

मग ती करते काय? सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, हे नाव तू ऐकलं असशील. विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी ही पद्धत. तिच्यातल्या विचारांच्या बाजूचा पाया 1960च्या दशकात अ‍ॅरन बेक या मानसोपचारतज्ज्ञाने घातला. त्याच्या लक्षात आलं, की त्रासलेल्या माणसाच्या मनात आपोआप काही वाक्यं चमकून जातात आणि ती तपासून न बघताच तो त्यांच्यावर विश्वास ठेवतो. समज, रात्री बॉसचा मेसेज आला, "उद्या जरा बोलायचंय." तुझ्या मनात काय येईल ते मला इथे बसून सांगता येईल : काहीतरी चुकलंय, आता मला काढणार. थेरपीत हे वहीत उतरवायला सांगतात. काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, भीती शंभरपैकी किती, त्या वाक्याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय, आणखी काय शक्यता असू शकतात. भीती तेव्हा नव्वद असेल, लिहून झाल्यावर कदाचित साठवर येईल. मग दुसऱ्या दिवशी प्रत्यक्षात काय झालं तेही त्याच पानावर लिहायचं. काही आठवड्यांनी तुझ्या हातात तुझ्याच अक्षरातला पुरावा जमतो. "चांगला विचार कर" असं कुणी सांगण्यापेक्षा हे पार वेगळं आहे. इथे गोड विचार करायचा नसतो, खरा काय आहे ते शोधायचं असतं.

दुसरा भाग वर्तनाचा, आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पायरी पायरीने जायचं. 1958 साली जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने भीतीची अशी उतरंड करून उपचार करण्याची पद्धत पुस्तकात मांडली. पुढे ती बरीच बदलली, पण गाभा टिकला. तुझ्या बाबतीत सुरुवात कदाचित लहान मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारण्यापासून होईल. मग दोन मिनिटं बोलणं, मग कॅमेरा चालू ठेवून बोलणं, मग अख्खं भाषण लिहून न नेता बोलणं. दाराजवळची खुर्ची पकडणं, मेल पाठवण्यापूर्वी पुन:पुन्हा वाचणं, अशा बारीकसारीक कुबड्याही एकेक करून सोडायला लावतात. त्या असेपर्यंत मन म्हणत राहतं, कुबडीमुळे वाचलो. मुद्दाम त्या प्रसंगात थांबलं, की कळतं : भीती चढते, एका जागी रेंगाळते आणि आपण काही न करताही उतरायला लागते. कधी नाही उतरली लवकर, तरी ती घेऊनही बोलता येतं, हेही कळतं.

तुला तो जो अटॅक आला होता, ज्यात श्वास पुरेना आणि आता आपण मरतो असं वाटलं, त्यासाठीही याच धर्तीचं काम असतं. पॅनिक बहुतेक वेळा काही मिनिटांत टोकाला जातं आणि मग ओसरतं. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने 1986 साली मांडलं, की धडधड किंवा चक्कर यांचा अर्थ आपण "हार्ट अटॅक" किंवा "आता शुद्ध हरपणार" असा लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि चक्र सुरू राहतं. म्हणून थेरपिस्ट समोर बसून जागच्या जागी धावायला लावते, फिरत्या खुर्चीत गोल फिरवते, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगते. धडधड मुद्दाम आणायची, म्हणजे तिची दहशत जाते. हे काम तिच्या देखरेखीखाली कर, आणि त्याआधी डॉक्टरांकडून तब्येत तपासून घे. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी हात थरथरतात आणि छाती धडधडते, रक्त कमी असलं तरी दम लागतो, आणि दिवसभराच्या कॉफीचाही त्यात वाटा असतो.

एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. चिंतेचे आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जवळजवळ दुपटीने आढळतात आणि अनेकींना ते तरुण वयातच गाठतात. महिन्याच्या चक्रात होणारे बदल हे एक कारण असावं. पण मुलींच्या वाट्याला येणारा त्रास, छळ आणि सगळ्यांना सांभाळून घेण्याची अपेक्षा यांचाही त्यात मोठा हात आहे. त्यामुळे तुझी प्रत्येक अस्वस्थता म्हणजे तुझ्या विचारातला दोष, असं कुणाला म्हणू देऊ नकोस. एखादा वरिष्ठ खरोखरच अपमान करत असेल, तर त्यावर उपाय तक्रार हा आहे, दीर्घ श्वास नव्हे. चांगली थेरपिस्ट हे दोन्ही वेगळं करायला शिकवते : कोणती काळजी मनाने रचलेली आणि कोणती खऱ्या अडचणीकडे बोट दाखवणारी. पहिलीसाठी वही, दुसरीसाठी कृती. "नाही" म्हणायचा सरावसुद्धा तिथे करून घेतात, अगदी वाक्यं मोठ्याने म्हणून. वाईट जागा निमूट सोसायला शिकवणारी थेरपी मला तुझ्यासाठी नको आहे.

औषधांबद्दल थोडक्यात. ती मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतात आणि काहींना थेरपीबरोबर ती लागतात. त्यात कमीपणा नाही. चिंतेसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. लगेच शांत करणाऱ्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, तेव्हा मैत्रिणीकडची गोळी कधीही घेऊ नकोस.

थेरपिस्ट निवडताना बिनधास्त विचार : तुमचं शिक्षण काय, कोणत्या पद्धतीने काम करता, साधारण किती सेशन लागतील, फरक पडला नाही तर काय करायचं. सीबीटीत बऱ्याचदा आठवड्याला एक, असे 12 ते 20 सेशन होतात. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, कारण इतके दिवस टाळलेलं आता समोर घ्यायचं असतं. पण तीन-चार भेटींनंतरही तुझं ऐकलं जातंय असं वाटलं नाही, तर तसं तिला सांग, आणि तरी जुळलं नाही तर दुसरी शोध. उपचाराला गुण येण्यात त्या नात्याचा वाटा मोठा असतो. आत बोललेलं आतच राहतं, जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. आणि तसे विचार कधी मनात आलेच, तर पुढच्या सेशनची वाट बघू नकोस. कितीही वाजले असोत, मला उठव. आपण थेट दवाखान्यात जाऊ.

माझ्याकडून एवढंच : "सगळं ठीक होईल ना?" असं तू विचारलंस तर आईने काय म्हणावं, हे थेरपिस्टला विचारून घे. ती सांगेल तेच मी म्हणेन, तुला थोडं कोरडं वाटलं तरी. आणि आत काय बोललीस हे मी विचारणार नाही.

पहिल्या भेटीत आयुष्याची सगळी कहाणी सांगायची गरज नाही. स्लाइड्स मेल केल्यास तो एकच दिवस घेऊन जा : सकाळी मनात काय आलं, शरीराला काय झालं, तू काय केलंस आणि त्यानंतर कसं वाटलं. एवढ्यावरून ती पुढचे प्रश्न विचारेल.

तुझी,
आई