आबांची राजदूत उघडण्याआधी

फिनिक्स, ॲरिझोना
१४ डिसेंबर २०२५

प्रिय दिनू,

तुझा फोन ठेवला आणि तसाच गॅरेजमध्ये येऊन लिहायला बसलोय. आबांची राजदूत खाली घेतलीस, हेड काढलंस, पिस्टनवर ओरखडे दिसले आणि आता उद्यमनगरात सिलिंडर बोअरला (आतून कातून मोठा करायला) टाकणार, हे सगळं तू एका दमात सांगितलंस. मी नुसता ‘थांब जरा’ म्हणालो. का थांब, ते फोनवर धड सांगता आलं नसतं. लिहून झालं की पानांचे फोटो पाठवतो. सगळं वाचल्याशिवाय सिलिंडर घराबाहेर काढू नकोस.

माझ्याकडची यामाहा बॅन्शी तू फोटोत पाहिली आहेस. चार चाकांची, वाळूत पळवायची एटीव्ही. इथे ती १९८७ ते २००६ पर्यंत नवी मिळायची. मी घेतली ती तिच्या इंजिनापायी. ६४ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ५४ स्ट्रोक (पिस्टनची धाव), दोन सिलिंडर, ३४७ सीसी. आकडे ओळखीचे वाटले ना? आबांच्या राजदूत ३५०चेच आहेत. एस्कॉर्ट्सनं आपल्याकडे १९८३ पासून जी बनवली, ती यामाहाची आरडी ३५०. बॅन्शी त्याच घराण्यातली, फक्त हिचं इंजिन पाण्यानं थंड होतं. पहिल्यांदा किक मारली तेव्हा तुमच्या अंगणात उभा असल्यासारखं वाटलं मला. आबा कानावर हात ठेवून रेस ऐकायचे, ते आठवलं.

त्या इंजिनात मी आठ महिन्यांत तीनदा पिस्टन घालवले. तीनही वेळचे आत्ता समोर फळीवर मांडलेत.

पहिल्या वेळी दोष मापाचा होता. गाडी जुनी, कॉम्प्रेशन कमी, म्हणून मी सिलिंडर काढून बोअरला दिले. पिस्टन अजून आले नव्हते. बोअरवाल्यानं विचारलं, क्लिअरन्स, म्हणजे पिस्टनभोवतीची मोकळी जागा, किती ठेवू? माझ्या तोंडून आबांचा आकडा गेला: दीड थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). राजदूतच्या ओतीव पिस्टनला आबा तेवढंच ठेवायचे आणि ते बरोबरच होतं. पण मी मागवलेले पिस्टन फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, होते. ते तापले की ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फुगतात, आणि त्यांच्या खोक्यातल्या कागदावर जवळजवळ तीन थाऊ लिहिलेलं होतं. तो कागद मी बोअर झाल्यावर वाचला. वाचूनही ‘चालेल’ म्हणालो. ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं, हे आपण कॉलेजात शिकलो होतो. वर मी गाडी गार असतानाच ताणली. पाणी कोमट व्हायच्या आत पिस्टन सणसणून तापला, स्लीव्ह (सिलिंडरची बिडाची नळी) मात्र अजून गारच. वीस मिनिटांत दोन्ही पिस्टन सिलिंडरमध्ये धरले, म्हणजे अडकले. चार कोपऱ्यांवर चार उभे चट्टे, एकसारखे. असे चट्टे दिसले की समजायचं, जागा कमी पडली.

आबा काय म्हणायचे, आठव. पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर बोअरला टाकायचा नाही. मी त्यांचा आकडा लक्षात ठेवला आणि पद्धत विसरलो. हे मला फार लागलंय, दिनू.

दुसऱ्या वेळी माप चोख होतं. पुढच्या साइजचे पिस्टन आधी आणले, प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजला, मग त्याच्या मापानं त्याचा सिलिंडर. रिंगांचा गॅप फिलर गेजनं पाहिला, पोर्टांच्या (सिलिंडरमधल्या झरोक्यांच्या) धारदार कडा हातानं घासून बोथट केल्या, होनिंगनंतर (आतून बारीक घासल्यावर) सिलिंडर गरम पाण्यानं आणि साबणानं, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत धुतले. शिवाय भीतीपोटी पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं. बॅन्शीला ऑइल पंप नाही, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. ऑइल जास्त म्हणजे पिस्टन सुरक्षित, असा माझा समज. पण जेटमधून (कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रातून) जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी जातं. इंजिन उलट थोडं कोरडंच चालायला लागतं.

जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या सीमेवर इम्पीरियलच्या वाळूच्या टेकड्यांवर गेलो. वाळूत इंजिनला दम खायला मिळत नाही, सगळा रस्ता जोतिबाच्या चढासारखा. तिसऱ्या तासाला आवाज एकदम कडक झाला, ओढ गेली आणि गाडी थांबली. उघडली तर उजवा पिस्टन छान चॉकलेटी आणि डाव्याची एक्झॉस्टकडची बाजू सोलून निघालेली, रिंगा खाचेत चिकटलेल्या. मी म्हटलं, थंड हवा दाट असते, पेट्रोल कमी पडलं. डावा पिस्टन बदलला आणि दोन्ही कार्ब्युरेटरांचे मेन जेट मोठे केले. आता उजवा प्लग काळा आणि ओला, डावा पांढरा. कार्ब्युरेटर तेच, जेट तेच, पेट्रोल एकाच टाकीतलं, तरी दोन प्लगांचे दोन रंग. उत्तर तिथेच होतं. आणखी एक खूण होती: रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली बसायचं नाही, दोन-तीन सेकंद वरच रेंगाळायचं. मी ॲक्सिलरेटरची केबल बदलली. मे महिन्यात डाव्या पिस्टनच्या डोक्यावर बोट जाईल एवढं भोक पडलं.

त्या रात्री मी ठरवलं, आता नवीन काही मागवायचं नाही. हे का होतंय ते कळेपर्यंत एक बोल्टही फिरवायचा नाही.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना खालची क्रँककेस हवा-पेट्रोल ओढून घेते. ती पेटी हवाबंद असायलाच हवी. डाव्या बाजूला मॅग्नेटच्या (ठिणगीची वीज बनवणाऱ्या चाकाच्या) मागे क्रँकचं ऑइल सील, म्हणजे रबरी कडं, असतं. ते कडक झालं की तिथून बाहेरची हवा आत येते, पेट्रोलशिवाय आणि ऑइलशिवाय. त्या एका सिलिंडरला गारवा कमी आणि वंगणही कमी. दोन्ही बाजूंच्या पेट्या आतून वेगळ्या, म्हणून उजव्याला काही होत नाही. उजवं सील गेलं तर प्रकार निराळा: गिअरचं ऑइल ओढलं जातं आणि पांढरा धूर येतो.

तपासणी सोपी आहे आणि तुला करायचीय, म्हणून सविस्तर सांगतो. एक्झॉस्टची तोंडं रबराचा तुकडा आणि पट्टी लावून घट्ट बंद केली. कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या रबरात बुच बसवलं. पिस्टन खाली आणला म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहतात आणि हवा थेट क्रँककेसपर्यंत पोचते. प्लगच्या भोकातून हवा भरायची, पण किती? इथे सगळे सहा पीएसआय (चौरस इंचाला सहा पौंड) म्हणतात आणि तो दाब सहा मिनिटं टिकला पाहिजे. माझ्याकडे एवढा कमी दाब दाखवणारा गेज नव्हता. आईचं पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दाब दाखवणारं जुनं बीपीचं यंत्र होतं, हातानं फुगा दाबायचं. ३०० म्हणजे जवळजवळ ५.८ पीएसआय. तेच जोडलं. उजवीकडे काटा जागचा हलला नाही. डावीकडे माझ्या डोळ्यांदेखत पंधरा सेकंदांत शून्यावर आला. मॅग्नेट काढून साबणाचं पाणी सोडलं तर सीलभोवती बुडबुड्यांची माळ लागली.

मी तीनदा वरचं इंजिन केलं आणि तीनही वेळा खालचं ‘हाताला ठीक लागतंय’ म्हणून सोडून दिलं. क्रँकला खेळ नव्हता, बेअरिंगला आवाज नव्हता. जुना मोकळा पिस्टन कमी ओढायचा, म्हणून ते सील कसंबसं निभावत होतं. वर नवं, घट्ट इंजिन बसवलं आणि मग ते उघडं पडलं. केस उघडून दोन्ही सील बदलली, ऑइलचं प्रमाण आणि जेट मूळ मापावर आणले. इनटेकची दोन रबरं जोडणारी एक नळी या गाडीत असते, तिलाही चीर होती, तीही बदलली. ऑक्टोबरपासून गाडी चालतेय आणि दोन्ही प्लगांचा रंग एक आहे.

आता तुझं. आबांच्या गाडीतली सील बहुधा एस्कॉर्ट्सच्या काळातलीच असतील आणि गाडी बारा वर्षं उभी होती. शिवाय तुझ्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते मानवत नाही आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्याच जेटवर इंजिन कोरडं पडतं. मेन जेट एक नंबर वरचा हाताशी ठेव. ऑटोल्यूब पंप (तुझ्या गाडीतला आपोआप ऑइल सोडणारा पंप) उघडलास तर त्यातली हवा काढल्याशिवाय किक मारू नकोस. तुझी गाडी हवेवर गार होते, तेव्हा सिलिंडरच्या पंखांमधली (बाहेरच्या पातळ पात्यांमधली) माती खरवडून काढ. आणि ठिणगीचे प्लॅटिनम पॉइंट दोन आहेत, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग स्वतंत्रपणे लाव.

पण हे सगळं नंतर. आधी दोन्ही पिस्टन उजेडात धर आणि एक्झॉस्टच्या बाजूचा, इनटेकच्या बाजूचा आणि डोक्याचा असे फोटो पाठव. कुठला डावा आणि कुठला उजवा ते लिही. काहीही पुसू नकोस, रॉकेलचं फडकंसुद्धा लावू नकोस. दोन्ही सारखे ओरखडलेत की एकच, तेवढं कळलं तरी निम्मं काम झालं. मग सिलिंडर परत चढवून हवा भरून बघू. मी व्हिडिओवर असेन, रात्रीचे कितीही वाजू देत.

वर्षश्राद्धाला गाडी जोतिबावर न्यायची म्हणालास. त्याला अजून अडीच महिने आहेत, पुरतील.

काकूंना नमस्कार सांग. त्यांचं फुग्याचं बीपीचं यंत्र अजून आहे ना? एक दिवसासाठी मागून घे.

तुझा,
सुहास