सुध्यास, परड्यातल्या आंब्याबद्दल

प्रिय सुध्या,

दिवाळीत तुझा फोन आलेला तो मी उचलला नाही आणि नंतर केलाही नाही. रागवला असशील तर बरोबरच आहे. आम्ही सगळे ठीक आहोत, आईची शुगर तशीच, माझी पाठ तशीच.

आपलं शेप्या आंब्याचं झाड तोडायला झालंय.

हे घरात अजून मोठ्यानं बोललेलो नाही, आईसमोर तर नाहीच. होळीनंतर परडं झाडत होतो तर बुंध्याला, चिऱ्याच्या भिंतीच्या बाजूला, हाताच्या पंजाएवढी अळंबी दिसली. वरून तपकिरी, लाख लावल्यासारखी चकचकीत, कड पांढरी, आणि इतकी कडक की कोयतीच्या मुठीनं ठोकली तरी हलेना. आधी वाटलं काढून टाकू, काय त्यात. मग दापोलीच्या कृषी विद्यापीठातून रिटायर झालेले आपले काका येऊन बघून गेले, म्हणाले ही काढून काही होत नाही, आत मुळाशी सड झाल्यावरच ही बाहेर येते. धुण्याची मोगरी घेऊन त्यांनी बुंधा सगळीकडून ठोकला. घराच्या बाजूला ठणठण, भिंतीच्या बाजूला बदबद, रिकाम्या पिंपासारखं. तिथे सळई लावली तर वीतभर आत गेली, जोरही लावावा लागला नाही रे.

आता ते सांगतो ज्यासाठी फोन उचलायला तोंड नव्हतं. २०१८ ला गडगा काढून मी चिऱ्याची भिंत बांधली तेव्हा पायाचा चर बुंध्यापासून जेमतेम तीन फुटांवर खणला आणि मांडीएवढी दोन मुळं तोडली. तू फोनवर म्हणालेलास, विन्या भिंत वळव, मुळं तोडू नको. आणि मी म्हणालो बडोद्यात बसून इथली झाडं सांभाळता येत नाहीत. त्यावरून आपण चार महिने बोललो नव्हतो. सुध्या, सड बरोब्बर त्याच बाजूला आहे. गेल्या दिवाळीतच तिथे मातीला भेग दिसली होती, पेन्सिल जाईल एवढी, मी बघून न बघितल्यासारखं केलं आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. आज त्या भेगेत दोन बोटं जातात. पश्चिमेचं मूळ सुटतंय आणि झाड घराकडे झुकतंय.

सगळे म्हणतात, निसर्ग वादळात नाही पडला तो आता काय पडणार. ३ जून २०२० ला आपल्या वाडीत पोफळी कशा झोपल्या होत्या ते तू व्हिडिओ कॉलवर बघितलंस, आणि शेप्याची फक्त एक फांदी गेली, खळ्याकडची. पण मला वाटतं त्या दिवशीच तो आतून हलला. काकांनी एक हिशोब सांगितला, खोड पोकळ असलं तरी बाहेरचं चांगलं लाकूड त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाएवढं जाड असेल तर झाड उभं राहू शकतं. शेप्याचं एका बाजूला तेवढं नाही, आणि खाली मुळंच धरत नसतील तर हा हिशोबही कामाचा नाही. आणि मुख्य म्हणजे खाली काय आहे. तो आगराच्या टोकाला असता तर मी हात लावला नसता, वाळून खडखडीत होऊन आपोआप पडू दिला असता. पण तो घरापासून चाळीस फुटांवर आहे आणि पन्नास फुटांच्या वर उंच आहे. पडवीत आई झोपते. पायवाटेनं वाडीतली पोरं शाळेत जातात. रात्री वारा सुटला की मी उठून बसतो.

मग तोडून टाक म्हणशील. लाकूडवाला येऊन भाव पण करून गेला, त्याच्या मते तर सगळ्या वाडीतली झाडं धोक्याची आहेत. आंबा १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत येतो, म्हणून आपल्याच परड्यातला असला तरी अर्ज करावा लागतो, तो सातबारा जोडून दिलाय.

पण ढोलीत धनेश पक्षी आहे. मलबारी कवड्या, ती काळी-पांढरी जोडी. मादी फेब्रुवारीत आत गेली आणि तोंड लिंपून घेतलं, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट आहे. नर सकाळपासून खेपा घालतो, उंबरं आणतो, गळ्यातून एकेक वर काढून तिला देतो. झाडाखाली बियांचा सडा पडलाय, त्यात काजऱ्याच्या पण आहेत, शर्टाच्या बटणासारख्या चपट्या. आणि ढोली कुठे आहे माहितीये? तू जिथून पडलास तिथे. ती फांदी मोडली, जखम भरलीच नाही, पाणी मुरत गेलं आणि पोकळ झाली. फांदी मी हलवली नव्हती हे चाळीस वर्षं सांगतोय, ती तुझ्या वजनानं मोडली आणि त्यावर आज एक कुटुंब सुखात राहतंय, त्यामुळे आता तरी मान्य कर.

पिल्लं बाहेर पडेपर्यंत, म्हणजे जूनच्या तोंडापर्यंत, मी कुऱ्हाड लावणार नाही. आणि वादळ नेमकं तेव्हाच येतं, निसर्ग ३ जूनलाच आलं होतं. रोज रात्री हेच डोक्यात फिरतं. शेवटी असं ठरवलंय की आईची खाट उद्याच माजघरात हलवायची, तिला सांगायचं पडवीच्या छपराचे नळे बदलायचेत. पोरांची वाट मागच्या आगरातून काढून द्यायची, आपल्या वाटेवर काटेरी फांद्या टाकून. आणि पिल्लं उडाली की दोन दिवसांत माणसं चढवायची, फांद्या दोर बांधून उतरवायच्या, पण खोड तीस फुटांवर कापून तसंच उभं ठेवायचं. ढोली पंचवीसवर आहे. वरचा भार गेला की वारा कमी धरेल, आणि पडलंच तरी तीस फुटांचं खोड चाळीस फुटांवरच्या घराला लागत नाही. काका म्हणाले, चालेल, पण दरवर्षी ठोकून बघायचं.

तुला हे पटतंय का ते सांग. तू नाही म्हणालास तर या वेळी ऐकेन.

वहिनींचा गुडघा कसा आहे, ऑपरेशन करायचं ठरलं का? चिनूचा दहावीचा निकाल लागला की कळव, आर्ट्स घेतलं तरी ओरडू नको तिला. तुझ्या बदलीचं काय झालं तेही लिही.

यंदा शेप्या फार धरला नाही, तरी आईनं रस वाळवून दोन साठं घातलीत, एक तुझं. आणि कोय लावून शेप्या येत नाही, रायवळाच्या कोयीतून वेगळंच झाड निघतं, म्हणून फांद्या उतरवायच्या दिवशी चांगल्या काड्या काढून कोय कलमं बांधायची आहेत, हंगामही तोच. ज्यांवर त्या काड्या बांधायच्या त्या रोपांसाठी कोयी मी आता रुजत घालतो. तुझा हात कलमाला माझ्यापेक्षा चांगला आहे. जूनची चार दिवसांची रजा आत्ताच टाकून ठेव, तिकिटाचे पैसे मी देतो.

तुझा,
विन्या