जगातल्या मुलांच्या लसीसाठी आणि शाळेसाठी आपल्या खासदारांनी बोलावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेची परदेशांना मदत करणारी यूएसएड ही संस्था 1 जुलै 2025 रोजी बंद झाली. त्याच्या आठवडाभर आधी ब्रुसेल्सच्या परिषदेत गॅव्हीला यापुढे पैसे देणार नाही, असे त्या देशाने सांगून टाकले. गरीब देशांतल्या बाळांना लसी मिळवून देणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था 2000 सालापासून काम करते. पुढच्या पाच वर्षांसाठी तिला 1190 कोटी डॉलर हवे होते, परिषदेत 900 कोटींच्या थोडे वर जमले. ब्रिटननेही 2027 पर्यंत परकीय मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यांवरून 0.3 टक्क्यांवर आणायचे ठरवले आहे. आपल्याकडे या बातम्या आतल्या पानावर येऊन गेल्या. मी आयुष्यभर उपकेंद्रावर लसीकरणाचे काम केले, त्यामुळे मला त्या तशा सोडून देता येत नाहीत.

2023 मध्ये जगात पाच वर्षांखालची 48 लाख मुले दगावली, म्हणजे दिवसाला 13 हजार. 1990 मध्ये हाच आकडा सव्वा कोटीच्या घरात होता. एवढी घट आपोआप झालेली नाही. लसी, मीठ-साखरेचे पाणी, डास रोखणाऱ्या मच्छरदाण्या आणि शिकलेल्या आया यांनी ती झाली, आणि गरीब देशांत त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा खर्च बाहेरून येत होता.

आपणही हे घेतलेले आहे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उभा राहिला, म्हणून पेनिसिलीन इथे बनू लागले. 1994 नंतर मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत डीपीईपी या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून शाळांचे वर्ग झाले, शिक्षकांची प्रशिक्षणे झाली. त्यात जागतिक बँकेचा आणि युरोपातल्या देशांचा पैसा होता. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (लहान मुलांना न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) यांवरची एकत्र लस, जिला आम्ही नुसते ‘पेंटा’ म्हणतो, ती 2011 पासून देशात टप्प्याटप्प्याने आली तेव्हा सुरुवातीच्या पुरवठ्यामागे गॅव्हीच होती.

पोलिओच्या रविवारी बूथवर येणाऱ्या बाळांची आम्हाला फारशी चिंता नसे. चिंता असे ती न येणाऱ्यांची. उसाचा हंगाम असला की बीड, परभणीकडची कुटुंबे कारखान्यांच्या आसपास कोप्या टाकून राहायची. आईबाप पहाटेच फडात गेलेले, आणि कोपीत सात-आठ वर्षांची बहीण धाकट्याला सांभाळत बसलेली. फिरते पथक तिथे जायचे, वीटभट्टीवर जायचे, एसटी स्टँडवर उभे राहायचे. बाळ कुठल्या जिल्ह्याचे, हे आम्ही थेंब पाजण्याआधी कधीच विचारले नाही. डाव्या करंगळीला शाई दिसली नाही की डोस द्यायचा, एवढाच नियम. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी आपण पोलिओमुक्त ठरलो, ते असे कुणालाही न वगळता काम झाले म्हणून. जंगली पोलिओ विषाणूचा प्रसार पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात अजून थांबलेला नाही. तिथल्या मोहिमा पैशाअभावी ढिल्या पडल्या तर आपल्याला पुन्हा धास्ती आहेच.

आधी आपली मुले बघा, असे कुणी म्हणेल. ते मला मान्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. एकही लस न मिळालेली मुले देशात 2024 मध्ये 9 लाख होती; आदल्या वर्षी ती 16 लाख होती, म्हणजे काम केले की फरक पडतो. पण जगासाठी दिलेल्या पैशाने इथल्या अंगणवाडीतला घास कमी होतो, हे खरे नाही. 2020 मध्ये भारताने गॅव्हीला पाच वर्षांसाठी दीड कोटी डॉलर जाहीर केले होते. लोकसंख्येने भागले तर माणशी एक रुपयाही होत नाही, तोही पाच वर्षांचा मिळून! शिवाय या निधीतून घेतल्या जाणाऱ्या लसींचा मोठा वाटा आपल्याकडेच बनतो. आफ्रिकेतल्या मेंदूज्वरासाठी पुण्याच्या सीरमने अर्ध्या डॉलरच्या आत बसणारी लस तयार केली आणि 2010 मध्ये ती बुर्किना फासोत पोचली.

पैशाइतकीच आपल्याकडे अनुभवाची शिदोरी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले, तीच पद्धत पुढे आशाताईंच्या कामात आली. आफ्रिकेतल्या नर्सेसना इथे बोलावून हे शिकवता येईल. त्यासाठी 1964 पासून चालणारी आयटेक ही सरकारी प्रशिक्षण योजना आहेच.

शाळेचेही तसेच. युनेस्कोच्या हिशेबाने जगात 25 कोटींहून अधिक मुले शाळेबाहेर आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या करवीर नगरीतून हा विषय दिल्लीत जायला हवा. चार इयत्ता शिकलेली आई कार्डावरची तारीख स्वतः वाचते आणि बाळाला घेऊन वेळेवर येते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

लोकसभेतले श्रीमंत शाहू छत्रपती आणि धैर्यशील माने, राज्यसभेतले धनंजय महाडिक या आपल्या कोल्हापूरच्या तिघा खासदारांचे पक्ष वेगळे आहेत, पण या कामात पक्ष आडवा येऊ नये. लोकसभेत नियम 377 खाली आणि राज्यसभेत विशेष उल्लेखातून हा विषय मांडता येतो. गॅव्ही, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेला भारत आज किती देतो आणि पुढच्या पाच वर्षांत किती देणार, हा प्रश्न त्यांनी लेखी विचारावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदान मागण्यांवर चर्चा होईल तेव्हा मुलांच्या आरोग्यासाठी आणि शिक्षणासाठी वेगळी, वाढती तरतूद मागावी.

अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी तिघांच्याही कार्यालयात अशी पत्रे पोचली पाहिजेत. निवृत्त नर्सेस, शिक्षक, अंगणवाडी सेविका, बालरोगतज्ज्ञ, कुणीही लिहावे, पोस्टकार्डही चालेल. माझे पत्र मी या आठवड्यात स्वतः नेऊन देणार आहे.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, कोल्हापूर