दादासाठी मी दाता होणार आहे, त्याविषयी

खारघर, नवी मुंबई

ती. बाबा आणि ती. आई यांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज बदलतो आणि बाबा हवापाण्यावर बोलू लागतात, म्हणून लिहीत आहे. दादाला मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तातल्या पेशी तयार होतात त्या, देण्याच्या संमतिपत्रावर मी सही केली आहे. तुम्हाला आधी विचारले असते, तर ‘हो’ म्हणताना एका लेकराला धोक्यात घातल्यासारखे आणि ‘नको’ म्हणताना दुसऱ्याला, असे तुम्हाला झाले असते; ते ओझे तुमच्यावर टाकायचे नव्हते. मंदारशी सविस्तर बोलले आहे, आणि सासूबाईंनी तर आरोहीच्या डब्याची जबाबदारी आपणहून घेतली आहे.

बाबा, तुम्ही विचारलेत की केमोनंतरचा रिपोर्ट चांगला आला, मग पुन्हा हा घाट कशाला? रक्तातल्या सगळ्या पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. दादाच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या एएमएल या प्रकारात, काही पेशी कच्च्याच राहतात आणि भराभर वाढतात. तुमच्या शाळेत पहिलीतली मुले पुढे सरकलीच नसती आणि त्यांनी सगळे बाक अडवले असते, तर बाकीच्यांना जागा कुठून मिळाली असती? तांबड्या पेशींना जागा उरली नाही म्हणून त्याला दम लागत होता, प्लेटलेट्स घटल्या म्हणून हिरड्यांतून रक्त येत होते, आणि चांगल्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या म्हणून तो ताप उतरत नव्हता. पहिल्या फेरीत सात दिवस सायटाराबिन आणि त्यातले तीन दिवस ते लाल रंगाचे डॉनोरुबिसिन दिल्यावर मज्जेतल्या कच्च्या पेशी पाच टक्क्यांच्या खाली आल्या. यालाच डॉक्टर रेमिशन म्हणतात. पण तपासणीत न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात, आणि दादाच्या जनुकीय चाचण्या पाहता आजार उलटण्याची शक्यता जास्त आहे. म्हणून माझ्या मूळपेशींचे प्रत्यारोपण करायचे आहे. त्यात केवळ नवी मज्जा मिळत नाही, तर माझ्या पेशींपासून तयार होणारी प्रतिकारशक्ती त्या लपलेल्या पेशींना परक्या म्हणून ओळखून मारते. खरा फायदा हा आहे.

आई, ‘माझ्याकडून काय कमी पडले’ हे तू पुन्हा म्हणू नकोस. बहुतेक रुग्णांमध्ये हा बदल आयुष्यात केव्हातरी मज्जेतल्या एखाद्या पेशीत होतो. तो आईवडिलांकडून येत नाही, आणि त्याला दृष्ट किंवा लहानपणी न खाल्लेल्या भाज्या कारण नसतात.

‘माझ्या पेशी घ्या’ हा बाबांचा हट्ट मला समजतो. पण जुळणी पाहतात ती एचएलए नावाच्या खुणांची, आणि त्या प्रत्येक मुलाला अर्ध्या आईकडून, अर्ध्या वडिलांकडून मिळतात. म्हणून आईवडील साधारणपणे निम्मेच जुळतात, तर सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. निम्म्या जुळणीवरही प्रत्यारोपण करतात, पण पूर्ण जुळलेली बहीण हाताशी असताना आणि तुमचे वय व रक्तदाब पाहता, तुमचा विचार करण्याचे कारण नव्हते. आमच्या दोघांच्या खुणा पूर्ण जुळल्या, हे देणे तुम्हा दोघांचेच आहे.

आता माझ्याविषयी. पाठीच्या कण्याला कोणी हात लावणार नाही. पूर्वी भूल देऊन कंबरेच्या हाडातून मज्जा काढत, आजही काही वेळा काढतात. माझ्या बाबतीत त्या पेशी रक्तातूनच घ्यायचे ठरले आहे. त्याआधी चार-पाच दिवस त्वचेखाली इंजेक्शन देतात, ज्यामुळे मूळपेशी मज्जेतून रक्तात उतरतात. त्या दिवसांत हाडे ठणकतात आणि डोके दुखते, त्यावर पॅरासिटामॉल पुरते. मग एका हातातून रक्त यंत्रात जाते, हव्या त्या पेशी बाजूला काढून उरलेले दुसऱ्या हातातून परत येते, आणि यात काही तास जातात. ओठांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम देतात. दिलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढते. भारतातले पहिले मज्जा-प्रत्यारोपण डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये केले, तेव्हा नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाने मज्जा दिली होती. आपल्याकडे बहीण भावाला देत आहे, एवढाच फरक. (रक्तगट वेगळा असला तरी चालतो; पुढे दादाचा गट बदलून माझा होईल. स्वभाव तेवढा त्याचाच राहील, वहिनीला तशी कल्पना दिली आहे.)

दादासाठी हे सोपे नाही, आणि ते मी लपवणार नाही. आधी त्याची मज्जा रिकामी करणारी कडक केमो होईल; मग माझ्या पेशी रक्ताच्या पिशवीसारख्या शिरेतून चढवतील, आणि काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, वर यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतील. माझ्या पेशी त्याच्या त्वचेवर, आतड्यावर किंवा यकृतावरही उलटू शकतात. ते आटोक्यात ठेवायची औषधे सुरू असतील. पहिले शंभर दिवस विशेष जपायचे असतात. पुढे लहानपणीच्या बऱ्याच लसी त्याला पुन्हा घ्याव्या लागतील. तुला आठवते ना आई, लसीच्या दिवशी तो कौपिनेश्वराच्या देवळात लपून बसायचा आणि मला सांगून ठेवायचा की कोणाला सांगू नकोस. मी कधीच सांगितले नाही.

अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटाचे इथले कर्करोग केंद्र, घरापासून जवळ असल्याने तुम्ही दोघांनी नौपाड्याचे घर बंद करून आमच्याकडे राहायला यायचे आहे. मधली खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे, आईच्या गुडघ्यांसाठी कमोडशेजारी दांडी बसवून घेतली आहे, बाबांचे वर्तमानपत्र सकाळी दारात पडेल आणि संध्याकाळी सेंट्रल पार्कात फिरता येईल; तलावपाळीची सर त्याला नाही, हे मान्य. दादा सुटल्यावर वहिनी आणि तो रुग्णालयाजवळ भाड्याच्या घरात राहतील.

काही गोष्टी मात्र वादाविना ऐकायच्या. दादासाठी कोशिंबीर, कच्ची चटणी, वरून भुरभुरलेली कोथिंबीर, गव्हांकुराचा रस, प्रसाद आणि फुले यांतले काहीही न्यायचे नाही. काउंट खाली असताना साधा जंतूही महागात पडतो. त्याचे जेवण ताजे, पूर्ण शिजलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेलेच असेल. मामाला प्रेमाने सांगा की दादासाठी रक्त देऊ नको, कारण रक्ताच्या नात्यातले रक्त प्रत्यारोपणाआधी टाळतात. प्लेटलेट्स द्यायला सोसायटीतली मुले तयार आहेत. ज्याला सर्दी-खोकला असेल त्याने, मग ते बाबा का असेनात, त्याला फक्त व्हिडिओवर भेटायचे. फ्लूची लस तुम्ही दोघांनी आपल्या डॉक्टरांना विचारून इकडे येण्याआधीच घ्या, आणि बाबांनी रक्तदाबाची गोळी ‘आज बरे वाटते’ म्हणून चुकवायची नाही.

शनिवारी मंदार गाडी घेऊन येईल, तेव्हा ‘आम्ही पनवेल लोकलने येतो’ हे नको. चष्म्याचा जोड, जुने रिपोर्ट आणि गोळ्यांचा डबा आठवणीने घ्या, किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या. आणि आई, लिंबाच्या लोणच्याची बरणी आणायचीच असेल तर ती माझ्यासाठी आण.

तुमची,
मनू